आधी खुंट, मग रोप: तोडलेलं रान पुन्हा उभं करताना

कोकणात डोंगरउताराची दोन-चार एकर वडिलोपार्जित जमीन ज्याच्या वाट्याला येते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "इथे कुठली रोपं लावू?" ठेकेदाराने काही वर्षांपूर्वी जळाऊ लाकडासाठी रान साफ केलेलं असतं. आता तिथे कंबरभर गवत, करवंदीच्या जाळ्या आणि मधूनमधून दाट झुडपं. फांद्या बाजूला सारून बुडापाशी पाहिलं, तर यातली बरीच झुडपं नसतातच. ऐन, किंजळ, नाना, कुंभा, असाणा यांच्या तोडलेल्या खुंटांचे ते फुटवे असतात. वरचा फुटवा पाच-सहा वर्षांचा, पण खालची मुळं त्याच्या कितीतरी आधीची, कातळाच्या भेगांत शिरून ओलाव्यापर्यंत पोचलेली. पिशवीतल्या रोपाला तिथवर जायला कित्येक वर्षं लागतात, आणि बरीच रोपं त्याआधीच पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात जातात.

म्हणून नर्सरीची वाट धरण्याआधी एक हिवाळा खुंटांसाठी द्या. पुढे जे लिहिलं आहे ते कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या मिश्र पानगळीच्या रानासाठी आहे. सागाच्या किंवा निलगिरीच्या एकसुरी लागवडीचं गणित निराळं असतं.

पहिल्यांदा कागद

सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला, आणि कोकणातल्या बऱ्याच उताऱ्यांवर त्याची नोंद अजून आहे. तुमच्या गटावर ती असेल, तर कोयता हातात घेण्याआधी तलाठी आणि वनखातं या दोघांकडे जाऊन या. दुसरा कायदा १९६४ चा, वृक्षतोडीच्या नियमनाचा. त्याच्या अनुसूचीतली झाडं मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ऐन, किंजळ, खैर, साग, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ ही त्यातली कोकणात नेहमी भेटणारी. फुटव्यांची विरळणी, म्हणजे जास्तीचे फुटवे काढणं, ही झाडतोड नव्हे, असं आपण म्हणतो, पण ते आपल्या मनाशी ठरवून चालत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात खुंटांचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एका हेलपाट्याचं काम आहे.

झाड वाढतं कुठून

एवढं जीवशास्त्र कळलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

झाडाची उंची फक्त शेंड्यांतून वाढते. खोडाचा जो भाग एकदा तयार झाला तो वर सरकत नाही. छातीच्या उंचीवर आज खिळा ठोकलात, तर तीस वर्षांनीही तो छातीच्याच उंचीवर असेल, फक्त लाकडात बुडालेला. तसाच जमिनीपासून दोन हातांवर असलेला बाक कायम दोन हातांवरच राहणार. "वाढला की सरळ होईल" ही आशा सोडून द्या.

जाडी वाढवतो तो सालीच्या आतला जिवंत पेशींचा अगदी पातळ थर, कँबियम. कोवळ्या फांदीची साल नखाने सोलली की आत जो ओला, निसरडा पृष्ठभाग लागतो, तीच त्याची जागा. हा थर आतल्या अंगाला लाकूड बनवतो आणि बाहेरच्या अंगाला अंतर्साल. मुळांनी ओढलेलं पाणी लाकडाच्या बाहेरच्या फिक्या भागातून वर चढतं, आणि पानांत तयार झालेली साखर अंतर्सालीतून खाली मुळांकडे जाते. मधला गडद गाभा मेलेला असतो. म्हणून आतून पोकळ झालेला आंबा वर्षानुवर्षं फळतो, आणि कुंपणाची तार बुंध्याला आवळून बांधलेलं धडधाकट झाड वाळून जातं. खोड जाड होत जातं, तार अंतर्सालीत रुतते, मुळांची साखर तुटते. राखायच्या झाडाला तार किंवा नायलॉनची दोरी कायमची बांधू नका.

तिसरी गोष्ट साठ्याची. पानगळीची झाडं पावसाळाभर आणि त्यानंतरही पानं हिरवी असेपर्यंत साखर बनवतात, तिचा स्टार्च करून मुळांत आणि खोडात भरून ठेवतात. चैत्रपालवी फुटते ती याच शिल्लकीवर. त्यामुळे दिवाळी ते शिमगा या काळात तोडलेला खुंट जोमाने फुटतो, कारण साठा भरलेला असतो. पालवी नुकतीच आली असताना तोडलेला खुंट केविलवाणा फुटतो. रान दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा तोडलं की हा साठा भरून यायला वेळ मिळत नाही, खुंट दमत जातात आणि त्यांची जागा गवत व रानमोडीसारखं तण घेतं.

आणि फुटवा येतो कुठून? बहुतेक चांगले फुटवे सालीखाली वर्षानुवर्षं झोपून राहिलेल्या सुप्त कळ्यांतून येतात. या कळीचा धागा थेट खोडाच्या मध्यापर्यंत गेलेला असतो, त्यामुळे तिच्यातून आलेला फुटवा खुंटाला घट्ट धरून राहतो. दुसरे फुटवे कापाच्या वरच्या कडेवर, साल आणि लाकडाच्या सांध्यात, नव्याने तयार झालेल्या गाठींतून येतात. दिसायला ते टवटवीत असतात, पण त्यांचा आधार वरवरचा. आषाढातल्या एखाद्या वाऱ्यात ते सालीसकट उखडून खाली येतात.

एक गुंठा मोजून पाहा

संपूर्ण रान मोजत बसण्याची गरज नाही. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठ्याचा चौकोन दोरीने आखा. असे चौकोन वरच्या उतारावर, मध्यावर आणि खाली पऱ्ह्याजवळ (ओहोळाजवळ) घ्या. चांगलं दिसतं तिथेच दोरी टाकण्याचा मोह टाळा. प्रत्येक चौकोनात जिवंत खुंट किती, कुठल्या झाडांचे, आणि बियांपासून आपोआप आलेली रोपं किती, एवढंच वहीत लिहा. झाड ओळखता येत नसेल, तर गावातल्या एखाद्या जुन्या जाणत्याला बरोबर घ्या. पानं गळायच्या आधी हे काम केलं की ओळख सोपी जाते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते, पण ती वयात आलेल्या खोडावर. कोवळ्या फुटव्यावर ती खूण सापडत नाही. तिथे पान उलटं करून देठाजवळच्या मधल्या शिरेवर दोन बारीक गाठी आहेत का, ते पाहायचं.

गुंठ्याला दहाच्या आसपास जिवंत खुंट असतील, तर एकरी चारशे झाले आणि दोन खुंटांत सरासरी दहा-अकरा फुटांचं अंतर आलं. इतकं असेल तर एकही रोप विकत आणू नका. गुंठ्याला चार-पाच असतील, तर विरळणी आणि मधल्या जागा भरणं ही दोन्ही कामं करावी लागतील. एखाद-दुसराच असेल, तर तो भाग लागवडीचा. एकाच गटात हे तिन्ही प्रकार सापडणं नेहमीचं आहे.

वणवा आणि गुरं

फुटव्यांना हात लावण्याआधी याची सोय झालीच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं काम फुकट.

कँबियमच्या पेशी साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतात. जुन्या ऐनाची जाड साल आतल्या थराला वाचवते. मनगटाएवढ्या फुटव्याची साल वाचवू शकत नाही. दरवर्षी वणवा लागणाऱ्या रानात खुंट दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी जळतात. लोकांना वाटतं, इथली जमीनच खडकाळ, झाडं येतच नाहीत.

गटाच्या हद्दीने किमान दहा फूट रुंदीचा पट्टा जानेवारी संपायच्या आत गवत कापून, पातेरा (वाळलेला पाला) ओढून मातीपर्यंत साफ करा. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाजूला तो दुप्पट रुंद ठेवा, कारण आग बहुधा तिथूनच येते. वरच्या अंगापेक्षा खालच्या अंगाच्या पट्ट्याकडे जास्त लक्ष द्या. आग उतारावरून वर धावते. शेजाऱ्याची भाजावळ (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं) कोणत्या दिवशी आहे हे विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः तिथे हजर राहा.

आणखी एक काम सहसा कोणी करत नाही. उतारावरच्या झाडाच्या वरच्या अंगाला, बुंध्याला टेकून पातेरा साठतो. वणवा आला की तिथे ज्वाळा रेंगाळतात. जळक्या रानात नीट पाहिलंत, तर बुंध्यांवरचे त्रिकोणी काळे व्रण बहुतेक डोंगराच्या बाजूलाच दिसतील. राखायच्या प्रत्येक झाडाभोवती हातभर अंतरातला पातेरा शिमग्याच्या आत बाजूला ओढा. फेकू नका, पसरून टाका. या जमिनीचं खत तेवढंच.

गुरांसाठी जुना गडगा (दगडी कुंपण) असेल तर डागडुजी करा, खिंडारात करवंदीच्या फांद्या टाका. शेळ्या असतील तर गडगा पुरत नाही, मालकाशी बोलावं लागतं. गवत कापून नेण्याची मोकळीक दिलीत, तर चराई थांबवायला बहुतेक जण तयार होतात, आणि गवत गेल्यामुळे वणव्याचं जळणही कमी होतं.

कुठला फुटवा राखायचा

खरी कसोटी इथे आहे. एका खुंटावर आठ-दहा, कधी वीस फुटवे असतात. सगळे ठेवले तर सगळे काठ्याच राहतात, कारण मुळं तेवढीच आणि वाटेकरी वीस.

खुंटाभोवतीचं गवत आधी साफ करा आणि खाली बसून बुडापाशी पाहा; उभ्याने वरचा शेंडा पाहून निवड करू नका. पहिली अट जागेची. फुटवा जमिनीलगत, खुंटाच्या तळाशी आलेला हवा. त्याला पुढे स्वतःची मुळं सुटतात, आणि जुना खुंट कुजला तरी ती कूज त्याच्यात चढण्याचा धोका कमी असतो. कापाच्या कडेवरून आलेला फुटवा कितीही जोमदार दिसला तरी काढायचा. शंका आली तर फुटवा मुठीत धरून बाहेरच्या बाजूला हलका दाब द्या. सांध्याजवळची साल फाकताना दिसली, तर तो ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी अट पहिल्या आठ-दहा फुटांच्या सरळपणाची. खालचा बाक कायम राहतो, हे वर आलंच आहे. तिसरी अट शेंड्याची: मुख्य शेंडा जिवंत आणि एकच असावा. दोन समान शेंड्यांच्या बेचक्यात साल अडकते आणि झाड मोठं झालं की नेमकं तिथेच फाटतं.

दोन फुटवे सारखेच चांगले असतील, तर नैर्ऋत्येकडच्या, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या अंगावरच्या फुटव्याला माझी पसंती. वारा त्याला खुंटावर दाबतो. पलीकडच्या बाजूच्या फुटव्याला तोच वारा खुंटापासून ओढून काढतो.

एकाच झटक्यात एक फुटवा ठेवून बाकी साफ करायची घाई नको. गर्दीत वाढलेला फुटवा बारीक आणि लवचीक असतो. एकटा पडला की वाकतो. उंची आणि जाडी यांचं प्रमाण पाहा: आठ मीटर उंच फुटव्याचा व्यास आठ सेंटिमीटर असेल, तर प्रमाण शंभराला एक झालं, आणि अशाला एकदम उघडं पाडणं धोक्याचं. पहिल्या हिवाळ्यात खुंटावर दोन किंवा तीन ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या बाजूंचे. दोन-तीन वर्षांनी त्यातला सर्वांत चांगला ठेवून बाकीचे काढा. मोठा, मजबूत खुंट असेल आणि शेजारी जागा असेल, तर दोन कायमचे ठेवले तरी हरकत नाही. आकड्यापेक्षा वर मोकळं आकाश किती मिळतं, ते पाहावं.

राखलेल्या फुटव्याचा शेंडा खालच्या कळ्यांना संप्रेरकांच्या जोरावर दाबून ठेवतो, आणि त्याची सावलीही मदत करते. तरी पुढच्या पावसात तोडलेल्या जागी पुन्हा कोवळे कोंब येतीलच. गणपतीनंतर एक फेरी मारून ते हातानेच मोडून टाका. तेव्हा कोयत्याची गरज पडत नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबलात तर पडते.

कोयता कसा चालवायचा

धार लावलेला कोयता किंवा करवत. बोथट कोयत्याने साल चिरफाळते आणि ती फट राखलेल्या फुटव्याच्या बुडापर्यंत जाते. काप खालून वर, तिरका, जमिनीपासून चार-सहा इंचांच्या आत, म्हणजे पाणी साचत नाही. राखलेल्या फुटव्याला कोयत्याचा चुकार घाव बसला, तर तो जन्मभराचा. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालतं, बाहेरून नवं लाकूड चढवतं आणि खराब भाग पोटात घेऊन वाढत राहतं. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं. कापावर डांबर किंवा रंग फासण्याचा फायदा होत नाही, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं.

बाजूच्या फांद्या काढायच्या असतील, तर फांदी जिथे खोडाला मिळते तिथलं फुगीर वळं शाबूत ठेवा. भिंत घालण्याची ताकद तिथेच असते. खोडाला घासून केलेला 'साफ' काप दिसायला छान, पण तो हे वळंच कापून टाकतो. उलट वीतभर खुंटी सोडलीत, तर ती कुजून आत जाते. झाडाच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीपेक्षा जास्त भाग एका वेळी बोडका करू नका. पानं गेली की वाढही गेली.

काढलेल्या फुटव्यांची जाड लाकडं घरच्या चुलीला, बारीक फांद्या आडव्या उतारावर पसरून. राखलेल्या झाडांच्या बुंध्याशी ढीग नको.

कवळ, वेली, मेलेली झाडं

भातशेती असलेल्या घरात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (पानांसकट तोडलेल्या फांद्या) लागतं. ते तोडायचं नाही असं म्हटलं, तर वाद घरातूनच सुरू होतो. शेताजवळच्या कडेची दहा-पंधरा झाडं कवळासाठी नेमून द्या, त्यांचे शेंडे दरवर्षी छाटले जाणार हे मान्य करा, आणि आतल्या झाडांना हात लावायचा नाही असं ठरवा. सगळ्याच झाडांचं थोडं थोडं कवळ काढलं की एकही झाड नीट वाढत नाही.

राखलेल्या फुटव्याला वेढा घालणारी वेल कापा, बाकीच्या राहू द्या. वेलींनी जोडलेल्या शेंड्यांवरूनच शेकरू फिरतं. ढोली असलेला जुना बेहडा किंवा वाळून उभं राहिलेलं खोड वाटेवर पडणार नसेल, तर ठेवा. धनेश घरटं करतो ते अशाच ढोलीत. घाणेरी आणि रानमोडी मात्र फुलायच्या आत, पावसाने जमीन मऊ असताना मुळासकट उपटा.

मोकळ्या जागा

इथे रोपं आली, पण शेवटी. पूर्ण उन्हाच्या जागी ऐन, खैर, बिवळा, सावर. अर्धवट सावलीत कोकम, जांभूळ. मे-जूनमध्ये पिकलेल्या जांभळाचं बी सुकवून ठेवता येत नाही, ते लगेच पेरावं लागतं. ते जागेवरच टाकलेलं सर्वांत बरं, कारण पिशवीत वेटोळं झालेलं मूळ पुढे कधीच सरळ होत नाही. एका बीमधून दोन-तीन रोपं निघाली, तर एक ठेवून बाकीची खुडून टाका. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपावरून ती ओळखता येत नाहीत, तेव्हा एकटंदुकटं लावू नका. खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवा, दीड फूट लांब, रुंद, खोल. रोप पहिला चांगला पाऊस जिरल्यावर.

पुढची विरळणी आणि मोजमाप

आठ-दहा वर्षांनी शेंडे एकमेकांत घुसायला लागतात. हिरवा शेंडा झाडाच्या एकूण उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी उरला, की त्या झाडाला अडचण होते आहे असं समजा. अशा वेळी दबलेलं झाड काढून फारसं साधत नाही. ते कोणाच्या वाटेत नसतं. चांगल्या झाडाच्या शेंड्याला भिडलेलं, तितकंच उंच पण वाकडं किंवा दुबेळकं (दोन शेंड्यांचं) झाड शोधा. काढायचं ते. ही मोठी झाडं असल्याने इथे परवानगीचा अर्ज पुन्हा करावा लागेल, आणि माल बाहेर न्यायचा तर वाहतूक पासही.

घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर मोजा. उतारावर ही उंची डोंगराच्या बाजूने धरायची. राखलेल्या वीस-पंचवीस झाडांवर रंगाचे क्रमांक टाकून दर हिवाळ्यात त्याच जागी टेप लावा. दोन वर्षं घेर जवळपास वाढलाच नाही, तर शेजारी गर्दी झाली आहे किंवा मुळाशी काहीतरी बिघडलं आहे.

विकायची वेळ आली, तर व्यापारी घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करतो आणि लांबीने गुणतो. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबीचा ओंडका घ्या: १२ गुणिले १२ गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. खरं घनफळ पावणेतेराच्या आसपास असतं. या पद्धतीत सुमारे एकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहतं. चिराईतली सूट म्हणून ही रीत जुनी आणि सर्वमान्य आहे. पण याच हिशेबावर साल, गाठी आणि 'घट' यांची आणखी कपात कोणी मागू लागला, तर हा आकडा त्याच्यासमोर मांडा आणि मगच दर ठरवा.